गोठलेल्या तळ्यावरची फायनल

"मी नाही येत," हे म्हणाले. "तुम्ही जाऊन या. मी इथं बुखारीपाशी बसतो."

मी त्यांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळत होते. एक वेढा झाला होता, दुसरा हातातच राहिला. फलटणजवळच्या आमच्या गावातून निघून पुणं, दिल्ली करत आम्ही लेहला उतरलो होतो आणि तिथून जीपनं नोरबूच्या गावी आलो होतो. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आल्या आल्या नुसतं पडून राहायचं, असं नोरबूनं बजावलं होतं, तेही केलं. एवढा खटाटोप आजच्या मॅचसाठी होता. आणि मॅचच्या सकाळी यांचं हे असं.

"अहो, नोरबूभाऊंनी मॅचसाठीच तर बोलावलंय आपल्याला."

"नोरबूला भेटलो. झालं की. मॅचमध्ये माझं काय काम?"

वाद घालणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. गुंडाळलेला वेढा सोडवला, मफलरची घडी केली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. बुखारीच्या लोखंडी शेगडीत लाकडं तडतडत होती. नोरबूची बायको आंगमो किटलीतून चहा ओतता ओतता थांबली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

हे म्हणजे माझे यजमान, विलास भोईटे. लष्करात इंजिनिअर पलटणीत होते, नायब सुभेदार. तरुणपणी दोन हिवाळे त्यांनी लडाखात काढले होते आणि तेव्हा नोरबू त्यांच्याच छावणीत होता. तळं गोठलं की तिथली लडाखी पोरं बुटांना पाती लावून बर्फावर हॉकी खेळायची. यांनाही ओढायची. उन्हात वाढलेला फलटणचा माणूस, बर्फावर दोन पायांवर उभा राहीना. तेव्हा नोरबूनं यांना गोलात उभं केलं. "जो गिरता ही रहता है, उसको गोल में डालो. गिरेगा तो भी गोल रोकेगा," असा त्याचा हिशोब. दुसऱ्या हिवाळ्यात हे चांगले घसरायला शिकले, पण गोल काही सोडला नाही. सुट्टीवर घरी आले की अंगणात उभं राहून मला दाखवायचे, पाय कसे फाकवायचे, हात कसा टाकायचा. मी हसायची. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण दाखवताना त्यांचा चेहरा जो व्हायचा तो मला आवडायचा.

पुढं दुसऱ्याच एका ठिकाणी रस्त्यासाठी खडक फोडत असताना एक सुरुंग उशिरा उडाला. जीव वाचला. डोळे गेले, दोन्ही.

नोरबू निवृत्त होऊन गावी परतला तरी दर दिवाळीला त्याचा फोन यायचा. त्या वर्षी त्यानं हट्टच धरला. त्याची मुलगी डिस्किट गावाच्या मुलींच्या टीममध्ये गोलकीपर होती, टीम पहिल्यांदाच फायनलला पोचली होती आणि फायनल त्यांच्याच गावच्या तळ्यावर होणार होती. "तू नाही आलास तर मी बोलणार नाही आयुष्यभर," तो म्हणाला. मला वाटलं हे नाहीच म्हणतील. पण का कोण जाणे, हो म्हणाले.

आणि आता बुखारीपाशी बसून होते.

तेवढ्यात जिन्यावर धपधप आवाज झाला आणि डिस्किट आत आली. एकोणीस-वीस वर्षांची पोर, गालांवर थंडीनं फुटलेली लाली, आणि दोन्ही पायांना गादीच्या गुंडाळ्या बांधाव्यात तसली जाड पॅडं. दारातून तिला सरळ येता येईना, आडवी होऊन आली.

"अंकल, तयार नहीं हुए?"

"बेटा, तू जा. चांगली खेळ."

ती जागची हलली नाही. मग यांच्यापुढं जमेल तशी वाकली आणि हिंदीत म्हणाली, "अंकल, माझं एक काम करा. पापा गोलच्या मागं उभे राहतात आणि पूर्ण मॅचभर ओरडतात. डावीकडं जा, उजवीकडं जा, खाली बस. मागच्या मॅचला त्यांच्या ओरडण्यामुळं मी एक गोल खाल्ला. आज तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. तुम्ही त्यांचे सिनियर होता ना? त्यांना गप्प बसायचा हुकूम द्या. आमच्या घरात त्यांना कुणी गप्प करू शकत नाही."

"झूठ बोलती है," नोरबू दारातून म्हणाला.

"पाहिलंत? आतापासून सुरू झाले."

यांच्या ओठाचा कोपरा हलला. "तेव्हाही असाच होता," हे म्हणाले. "गोलात मी उभा आणि खेळतोय हा. एकदा मी त्याला पॅड फेकून मारलं होतं."

"मग आजही मारा," डिस्किट म्हणाली. "पण तिथं येऊन मारा."

यांनी मांडीवरचा मफलर चाचपला आणि माझ्याकडं धरला. "बांध गं," म्हणाले.

तळं घरापासून जवळच होतं. मी यांचा हात माझ्या कोपरात घेतला होता. पायाखाली बर्फ कुरकुरत होता, वर ऊन इतकं लख्ख की डोळे उघडवेनात, आणि तरी नाकातला श्वास गोठत होता. तळ्याच्या चारी बाजूंना गुडघ्यापेक्षा जरा उंच फळ्या ठोकल्या होत्या. फळ्यांच्या मागं उपसलेल्या बर्फाचे ढीग होते आणि त्या ढिगांवर अख्खा गाव बसला होता. लांब लोकरी गोंचे घातलेल्या म्हाताऱ्या हातात जपमाळ आणि मांडीवर थर्मास घेऊन आल्या होत्या. लामा होते, फौजी होते, पाठीला बाळ बांधलेल्या बायका होत्या. सगळे पाय आपटत होते. थंडीनं आपटतात की उत्साहानं, ते कळत नव्हतं.

मागं जरा उंचावर पर्वतांची रांग होती, उघडी, तपकिरी, माथ्यावर पांढरी. त्यांच्यावर निळं आभाळ. असा निळा रंग मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या तोंडाशी शब्द आले आणि मी ते गिळले.

हे मला आता सवयीचं झालं होतं. डोळे गेल्यावर सुरुवातीला जो तो यांना सगळं सांगायचा. माझे भाऊ, शेजारीपाजारी, मी तर सगळ्यात जास्त. समोरून अमका येतोय, त्यानं असा शर्ट घातलाय, आंब्याला मोहोर आलाय. एकदा पुतणीच्या लग्नात माझा धाकटा भाऊ यांच्या कानाशी लागून मोठमोठ्यानं सांगत होता, दाजी, नवरी आली बरं का, शालू हिरवा आहे, हार घालतायत आता. लोक वळून वळून पाहात होते आणि च्च् च्च् करत होते. घरी आल्यावर यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "मला कुणी काही सांगत बसायचं नाही," म्हणाले. "मी काय तुमच्या दयेवर आहे? मला हवं ते मी विचारीन."

आणि मग त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. अंगणवाडीत दिवसभर पोरांशी बडबडणारी मी, घरी आले की पाण्याचा तांब्या कुठं ठेवला एवढंच बोलायची. भांडण नव्हतं आमच्यात. चांगले वागायचो एकमेकांशी. फारच चांगले.

नोरबूनं गोलच्या मागच्या बाजूला, फळीला लागून घोंगड्या अंथरल्या होत्या. मधे हे बसले, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नोरबू. डिस्किट येऊन गोलात उभी राहिली, आमच्याकडं पाठ करून. तिनं काठीनं दोन्ही खांबांवर टकटक केलं.

"खांब मोजतेय," हे पुटपुटले. "मीही असंच करायचो."

शिट्टी झाली.

मी सांगते, पहिली काही मिनिटं मला काही म्हणजे काही कळलं नाही. दोन्हीकडच्या पाच-पाच पोरी नुसत्या गरगर फिरत होत्या. नोरबूच्या गावाच्या लाल कपड्यात, लेहच्या निळ्या कपड्यात. चेंडू नाहीच या खेळात. त्याऐवजी पक असतो, काळी रबराची चकती, बशीपेक्षाही लहान. तो मला दिसायच्या आत दुसरीकडं गेलेला असायचा. मी उजवीकडं मान वळवावी तर सगळे डावीकडं ओरडायचे. पोरी एकमेकींवर आदळत होत्या, फळ्यांवर आदळत होत्या, फळी थडथडायची आणि आमच्या अंगावर बर्फाचा भुगा उडायचा.

"भाभीजी, पक को मत ढूँढो," नोरबू यांच्यावरून वाकून मला म्हणाला. "लड़कियों को देखो. जिधर सबका कंधा मुड़ेगा, पक उधर ही जाएगा."

मी तसं केलं. आणि हळूहळू चित्र लागायला लागलं. मी शाळेत असताना खो-खो खेळायची, तालुक्यापर्यंत गेले होते. पळणारी कुठं वळणार हे तिच्या पायावरून नाही, खांद्यावरून कळतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तेवढ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. खेळ चालू असतानाच लाल पोरी फळीपाशी यायच्या, फळीवरून बाहेर उडी मारायच्या, आणि त्याच क्षणी दुसऱ्या ताज्या दमाच्या पोरी आत झेपावायच्या. खेळ थांबायचा नाही. शिट्टी नाही, काही नाही.

"खो देतायत की!" मी म्हणाले. स्वतःशीच, पण मोठ्यानं.

हे मान खाली घालून, हात कोटाच्या खिशात घालून बसले होते. मला वाटलं थंडी वाजतेय. मग दिसलं की त्यांची मान पकाबरोबर फिरतेय. पक आपल्या बाजूला आला की हनुवटी वर यायची, लांब गेला की खाली जायची. बर्फावर पात्यांचा आवाज येत होता, वळताना एक, थांबताना एक, आणि काठी पकावर बसली की तिसराच, कोरडा, टक्क.

नोरबू अर्थातच ओरडत होता. यांनी कोपरानं त्याला ढोसलं. "चूप. ऑर्डर है." नोरबूनं तोंडावर हात ठेवला, पण जेमतेम दोन श्वास टिकला.

आणि मग निळ्या पोरींची एक मोठी लाट आली. तिघी एकदम. आमच्यासमोर पायांची, काठ्यांची नुसती गर्दी झाली. डिस्किट गुडघ्यांवर पडली. कुणीतरी तिच्यावर पडलं. अख्ख्या तळ्यावर एकदम मोठा आवाज उठला आणि तसाच विरून गेला. आमच्या बाजूचे सगळे गप्प. पलीकडं लेहचे लोक नाचत होते. नोरबूनं टोपी काढून डोक्याला हात लावला.

यांनी मान इकडं वळवली, तिकडं वळवली. मग माझ्याकडं.

"काय झालं गं?"

मी त्यांच्याकडं पाहातच राहिले. किती वर्षांत मी हे शब्द ऐकले नव्हते.

"शालन, काय झालं? गोल झाला का? कसा झाला?"

"झाला," मी म्हणाले. "त्यांनी केला. ती तिच्या पायातून गेली... म्हणजे चकती. गर्दीत तिला दिसलीच नाही."

"पडदा धरला त्यांनी. मुद्दाम उभ्या राहतात समोर. कुठल्या पायातून?"

"डाव्या."

"डिस्किट काय करतेय?"

"उठलीय. बर्फ झटकतेय. खांबावर काठी आपटतेय."

"बरं," हे म्हणाले. "मग ठीक आहे. रडत नाही ना?"

"नाही."

"पुढं सांग."

मी सांगायला लागले. सुरुवातीला मोजून मापून, जपून, जसं आजाऱ्याला खिमट भरवतात तसं. लालवाली डावीकडून निघाली. निळीनं अडवलं. हे म्हणाले, "अगं, तू सांगेपर्यंत तिथं दुसरंच काहीतरी चाललंय. मला ऐकू येतंय ना. जरा पळ की!" मग मी पळायला लागले. नावं माहीत नव्हती म्हणून मी आपली नावं ठेवली. एक उंच होती तिला शेवगा म्हटलं. एक बुटकी, गुबगुबीत, पण वाऱ्यासारखी, तिला लाडू म्हटलं. "शेवग्यानं काढून घेतली, लाडूला दिली, लाडू निघाली, निघाली, गेली फळीपाशी, अगं बाई, आपटली!" हे हसायला लागले. पुढच्या म्हाताऱ्या वळून माझ्याकडं पाहायला लागल्या. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण माझा आवाज चढला की त्याही जपमाळ थांबवून पुढं सरकायच्या.

मधल्या सुट्टीत गावातल्या बायका खराटे घेऊन तळ्यावर उतरल्या आणि बर्फाचा भुगा झाडून काढायला लागल्या. आंगमोनं आम्हाला मीठ-लोण्याचा चहा दिला. यांनी दोन्ही हातांत पेला धरला.

"लाडूला आपटलं त्याबद्दल कुणाला बाहेर काढलं का?" यांनी विचारलं.

"हो. निळीला. बाकड्यावर बसवलं होतं थोडा वेळ. कबड्डीत बाद होतात तसं."

"तेवढा वेळ त्यांची एक कमी. तेव्हाच गोल करायचा असतो."

"नाही जमला."

"ते कळलं मला," हे म्हणाले आणि पुन्हा हसले. चहाच्या वाफेनं मिशीवर दव जमून गोठलं होतं. मला ते सांगावंसं वाटलं. सांगितलं. "तुमच्या मिशीला बर्फ लागलाय." यांनी जिभेनं चाटून पाहिलं. "खारट आहे," म्हणाले.

सुट्टीनंतर शेवग्यानं गोल केला. तो कसा झाला ते मी यांना नीट सांगू शकले, कारण तो माझ्या डोळ्यांसमोर सावकाश जुळून आला होता. तिघींनी एकमेकींना दिलं, आणि शेवटी शेवगा एकटीच गोलापाशी रिकामी उभी होती, कुणाचं लक्ष नव्हतं तिच्याकडं. नोरबूनं यांना मिठी मारली, यांनी नोरबूला. बरोबरी झाली.

आणि शेवटचा भाग सुरू झाला. तो मी कधी विसरणार नाही.

थोडाच वेळ उरला असताना आमच्या एका पोरीनं निळीला मागून पाडलं. शिट्टी. आमची पोर बाकड्यावर. आता आमच्या चारच. निळ्या पोरी आमच्या गोलाभोवती कडं करून उभ्या राहिल्या आणि पक एकीकडून दुसरीकडं असा खेळवायला लागल्या, की मी श्वास घ्यायची विसरले. मारली, डिस्किटनं पायानं अडवली. परत मारली, हातानं. परत, छातीवर. माझी आणि तिची जणू एकच पाठ होती, ती वाकली की मी वाकत होते. "अडवली! पडली! परत अडवली! अहो, पडूनच अडवली हो तिनं!" हे माझा हात इतका घट्ट धरून होते की बोटं दुखत होती. नोरबू ओरडत नव्हता. इतक्या वेळात पहिल्यांदाच गप्प झाला होता आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता.

गोलापुढं गर्दी झाली. पाच-सहा जणी, काठ्या, पाय, भुगा. पक कुठं आहे ते देवालाही कळलं नसतं. आणि अचानक त्या गर्दीतून तो एकटाच बाहेर घरंगळला. मोकळा. आणि तिथं होती लाडू.

लाडूनं पक घेतला आणि वळली. पुढं सगळं तळं रिकामं होतं. निळ्या सगळ्या आमच्या गोलापाशी चढून आलेल्या. रिकामा बर्फ, पलीकडच्या टोकाला त्यांची एकटी गोलकीपर, आणि ही गुबगुबीत पोर कमरेत वाकून, हात मारत, सुसाट सुटलेली. मागून निळ्या तिच्या मागं लागलेल्या. सगळा गाव एकदम उभा राहिला. पुढची म्हातारी उभी राहिली, तिचा थर्मास गडगडला. मी उभी राहिले. यांना दंडाला धरून उभं केलं. आणि मी यांना गदागदा हलवत जिवाच्या आकांतानं ओरडले,

"बघा! अहो बघा! बघा की हो, बघा!"

तो शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं.

आमच्या घरात तो शब्द उरलाच नव्हता. सुरुंगाच्या त्या दिवसापासून मी यांना तो कधी म्हटला नव्हता. "चव बघा" म्हणायची नाही, "चव घ्या" म्हणायची. "विचार करून बघा" म्हणायची नाही. टीव्ही लावा म्हणायची, बघू या म्हणायची नाही. आमच्या पोरांनाही दटावलं होतं, बाबांपुढं नीट बोलत जा. इतकी वर्षं तो एक शब्द मी जिभेखाली दाबून धरला होता आणि त्याच्याबरोबर बाकीचं किती काय दाबलं गेलं ते मलाच कळलं नव्हतं. आणि आता भर गर्दीत, मी तो यांच्या तोंडावर ओरडले होते, एकदा नाही, चार-चारदा.

मी वळून यांच्याकडं पाहिलं. बाकी सगळं तळं पलीकडं पाहात होतं. मी एकटी यांच्याकडं.

यांचं तोंड उघडं होतं. मान उंच, चेहरा थेट पलीकडच्या गोलाच्या दिशेला. आणि हे हसत होते, लहान पोरासारखं. "बघतोय!" हे ओरडले. "बघतोय गं! बघतोय!"

तेवढ्यात तळ्यावर असा आवाज उठला की पायाखालचा बर्फ थरथरला. आजूबाजूला सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होते. नोरबू गुडघ्यांवर बसून रडत होता. मी कावरीबावरी होऊन इकडं तिकडं पाहात राहिले.

"काय झालं?" मी यांना विचारलं.

"काय झालं म्हणजे?"

"मला दिसलंच नाही. मी तिकडं बघतच नव्हते."

"मग कुठं बघत होतीस?"

त्यांनी चाचपत माझा चेहरा शोधला. हातमोज्याचा अंगठा माझ्या गालाला लागला, आणि गाल ओला आहे हे मोज्यातूनही त्यांना कळलं असावं.

"गोल झाला," हे म्हणाले. "आपला. लाडूनं केला. डावीकडून घेऊन वर मारला असणार, खाली मारला असता तर गोलकीपरच्या पॅडवर धप्प झालं असतं. धप्प झालं नाही. जाळीत गेला." आणि मग जरा वेळानं, "रडतेस कशाला? जिंकलो की आपण."

मॅच संपल्यावर दोन्हीकडच्या पोरी रांग करून समोरासमोर आल्या. इतका वेळ एकमेकींना फळ्यांवर चेचणाऱ्या त्या पोरी हातमोजे काढून एकेकीशी हात मिळवत होत्या. आमच्या पोरीनं जिला पाडलं होतं, तिनं पाडणारीच्या पाठीवर थाप मारली. मी हे सगळं यांना सांगितलं. कुणाचं नाक लाल झालंय, कुणाचा ओठ फुटलाय, लाडूला कुणी खांद्यावर घेतलंय आणि ती कशी घाबरून ओरडतेय. मागचे पर्वत सांगितले. आभाळ सांगितलं, सकाळपासून गिळून ठेवलेलं. सांगता सांगता मला दम लागला. "हळू, हळू," हे म्हणाले. "हवा विरळ आहे इथं. राहिलेलं घरी सांग."

लोक पांगायला लागले तरी नोरबू जागचा हलेना. कुणाच्या तरी पायातले पात्याचे बूट काढून आणले होते त्यानं, मोठ्या मापाचे. ते त्यानं यांच्या मांडीवर ठेवले.

यांनी पात्यावरून बोट फिरवलं. "नाही रे. वय झालं आता. पडीन."

"पहले क्या कम गिरता था?" नोरबू म्हणाला.

मला नको म्हणायचं होतं. तोंडावर आलं होतं. पण डिस्किट तोवर बर्फावर बसून यांच्या बुटाच्या नाड्या आवळायलाही लागली होती.

दोघांनी दोन बाजूंनी धरून यांना बर्फावर उभं केलं. चार पावलांत हे सपशेल आडवे झाले. बर्फावरून यांनी मराठीत अशी एक शिवी हासडली की नोरबू इतक्या वर्षांनी ती ऐकून आनंदानं टाळ्या पिटायला लागला. यांना परत उभं केलं. मग डिस्किटनं आपली काठी पुढं केली. एक टोक यांच्या हातात, एक तिच्या. ती उलटी उलटी घसरत यांना ओढत होती आणि हे गुडघ्यात वाकून, पाय फाकवून तिच्यामागं. एक फेरी झाली, दुसरी झाली. यांचे पाय आपले आपण आठवायला लागले होते. पाठ सैल झाली होती.

"भाभीजी!" नोरबूनं मला हाक मारली. "आप उधर, सामने जाके खड़े हो जाओ."

मी लोकरी मोजे आणि रबरी बूट घातलेले. एक एक पाय टाकत तळ्याच्या मध्यापर्यंत गेले आणि उभी राहिले. डिस्किटनं यांना माझ्या दिशेला तोंड करून उभं केलं, काहीतरी सांगितलं, आणि काठी काढून घेतली.

हे एकटेच उभे होते. आजूबाजूला धरायला काही नाही. दोन्ही हात जरासे पुढं. ऊन कलायला लागलं होतं आणि बर्फ पिवळा दिसत होता.

"शालन?"

"इथं आहे."

"समोर कोण आहे का?"

मी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. आमच्या मधला सगळा बर्फ पाहिला, पात्यांच्या रेघांनी भरलेला.

"कुणी नाही," मी म्हणाले. "मीच आहे. या."

यांनी एक पाय मागं रेटला आणि निघाले.